अनुभव धागा: जपानमधल्या घरात लहान मुलं वाढवताना

शेवंती

काल गाद्यांचं कपाट आवरत होते. सगळ्यात खाली, हिवाळी पांघरुणांच्या मागे सासूबाईंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात काडेपेटीपेक्षा जराशी मोठी लाकडी पेटी. उघडायच्या आधीच कळलं, लेकीची नाळ. इथे पडलेली नाळ वाळवून कापसात जपून ठेवतात. पेटीखाली बोशि-तेच्यो, म्हणजे आई-बाळाची नोंदवही. दिवस गेल्याचं नगरपालिकेत कळवलं की मिळते ती.

मला तेव्हा जपानी लिहिता येत नव्हतं, त्यामुळे सगळी वही सासूबाईंच्या अक्षरात आहे. वजन, उंची, लशी. आणि समासात बारीक अक्षरात: 'आज पालथी पडली.' 'आज पाच पावलं. आई स्वयंपाकघरात होती, तिला उद्या पुन्हा चालून दाखवेल.' ही दुसरी ओळ मी काल पहिल्यांदा वाचली. सासूबाईंना जाऊन ४ वर्षं झाली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

आमचं घर शिझुओकात, चहाच्या मळ्यांच्या कडेला. सासू, सासरे, आम्ही दोघं, लेक. सकाळी कुकरमधला पहिल्या वाफेचा भात छोट्या वाटीत काढून घरातल्या बुत्सुदानापुढे, पूर्वजांपुढे, ठेवायचा. मला कुणी शिकवावं लागलं नाही, आपल्या नैवेद्यासारखंच ते. लेक बसायला लागल्यापासून तिथली छोटी घंटा वाजवून हात जोडायची.

शंभराव्या दिवशी ओकुइझोमे झालं. अख्खा ताई मासा, लाल चवळीसारख्या दाण्यांचा भात, आणि देवळाच्या आवारातून आणलेला एक गोटा. जेवायच्या काड्या त्या गोट्याला टेकवून बाळाच्या हिरड्यांना लावायच्या, दात दगडासारखे व्हावेत म्हणून. माझी आई आली होती. ती म्हणाली, अगं हे उष्टावणच की! आणि पिशवीतून चांदीची वाटी काढून तिने त्या लाखेच्या ताटात ठेवली. सासऱ्यांनी ती ओंजळीत घेऊन कितीतरी वेळ बघितली.

घराबाहेर पडताना 'इत्तेकिमास' म्हणतात. अर्थ विचारला तर नवरा म्हणाला, जातो आणि येतो. मला आजीच आठवली, 'जाते' म्हणू द्यायची नाही, 'येते' म्हण.

तुम्ही इथे मुलं वाढवली असतील, वाढवत असाल, नातवंडांसाठी येऊन गेला असाल, तर लिहा. लहानसहान काहीही चालेल.

दोन वेण्या

नावं!!! पहिलीतलं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांना कळेल. सान्सू सेट म्हणजे गणिताची पेटी, त्यातल्या मोजायच्या प्रत्येक काडीवर नाव, प्रत्येक सोंगटीवर नाव, ठोकळ्यांवर, पत्त्यांवर. आमच्या लेकाचं नाव कताकाना लिपीत सात अक्षरी. नखाएवढ्या चिकटपट्ट्या चिमट्याने लावत रात्रीचे दोन वाजले. शेवटी नवरा काड्या पुसून देत होता आणि मी लावत होते, न बोलता. पण ती रात्र छान होती, खरंच.

सायकलस्वार

बाप लिहितोय, चालेल ना. बॅटरीवाली मामाचारी, म्हणजे मुलं बसवायची सायकल, पुढे धाकटा, मागे थोरली, दोघांच्या मध्ये मी. सोमवार म्हणजे होइकुएनचं, पाळणाघराचं, झोपायचं अंथरूण, चादर, उवाबाकी (आत घालायचे बूट), डायपर (प्रत्येकावर नाव!) आणि वरून पाऊस. पाळणाघराच्या वहीत रोज सकाळी ताप, रात्री काय खाल्लं, कितीला झोपला, शी कशी झाली. ३७.५ झालं की ऑफिसात फोन. पहिल्या वर्षी तो नंबर दिसला की पोटात गोळा यायचा.

वही मात्र दोन्ही बाजूंनी असते. सेन्सेई, म्हणजे तिथल्या बाई, पण रोज लिहायच्या, आज गांडूळ बघितलं, हातात घेऊन अर्धा तास बसला. नोकरीच्या धावपळीत मला माझ्या पोराचा दिवस त्या वहीतून कळला. सगळ्या वह्या ठेवल्यात. शेवंतीताई, आता त्या डब्यात ठेवतो.

मनूची आई

सायकलस्वार, आमच्या वहीतला किस्सा. सेन्सेईंनी लिहिलं, 'मनू फार आनंदात आहे, म्हणते शनिवारी विमानाने आजी येणार.' पुढे प्रश्नचिन्ह. जपानीत आजि म्हणजे मासा!

मग बसून यादी केली. आजी मासा, ताई मासा, काकी म्हणजे ते टोमॅटोसारखं नारिंगी फळ, मामा म्हणजे आई आणि बाबा म्हणजे आजी. पोरीने बालवर्गात आमचं कुटुंब कसं समजावून सांगितलं असेल देव जाणे. पण 'आई' म्हणजे तिथे माया, प्रेम. सेन्सेईंनी विचारलं की ही तुम्हाला प्रेम अशी हाक मारते का, तेव्हा मला काही बोलताच आलं नाही.

पिंपळपान

आमच्याकडे बाबाच हाक आहे. बागेत पोरगी 'बाबाSSS' ओरडत माझ्याकडे धावते आणि सगळे कुठे आजी दिसते का बघतात.

सांगलीची आजी

मी ही तीच, मासा. नातवाच्या वेळी ९० दिवस होते तिकडे. सुनेला म्हटलं तुमच्याकडे बाळंतपण कसं, तर म्हणाली (सून जपानी आहे) आमच्यात पण मुलगी आईकडेच जाते, सातोगाएरि म्हणतात. तिची आई आजारी म्हणून मी गेले. डिंकाचे लाडू तिने आवडीने खाल्ले. आळिवाची खीर नाही आवडली, पण संपवली, ताटात टाकत नाहीत ती माणसं. बाळाला अन्न सुरू केलं ते दहापट पाण्याची पेज. मी म्हटलं हे तर मला येतं, हे मला करू दे.

पुढे नातू पहिलीत गेला तेव्हा सुनेने फोनवर सांगितलं शाळेत झोकिन द्यायचे आहेत, फरशी पुसायची फडकी, मुलंच वर्ग पुसतात. दुकानात मिळतात. पण मी माझ्या जुन्या सुती पातळाची चौपदरी शिवून पाठवली. नातू म्हणे सगळ्यांची पांढरी आणि त्याचं जांभळं काठाचं. अजून आहे म्हणे एक, वापरत नाही, ठेवलंय.

दोन वेण्या

आजी, डोळ्यात पाणी आणलंत. माप सांगा ना. एप्रिलमध्ये धाकटीचे द्यायचेत.

भाकरतुकडा

आम्ही शाकाहारी. क्यूश्योकुत, म्हणजे शाळेच्या जेवणात, जवळजवळ सगळ्यात माशाचं पाणी किंवा मांस. पहिल्या वर्षी महिन्याच्या तक्त्यावर रोज खुणा करायच्या, हे खा, हे नको, याच्या बदल्यात घरून डबा. ज्या दिवशी तिची वाढपाची पाळी त्या दिवशी पांढरा अंगरखा टोपी घालून तीच सगळ्यांना ते सूप वाढायची आणि स्वतः घरची आमटी घ्यायची. मला वाटायचं तिला वेगळं वाटत असेल. विचारलं तर म्हणाली माझ्या डब्याचा वास चांगला येतो म्हणतात सगळे.

शुक्रवारी तो अंगरखा घरी येतो, धुवून इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलासाठी. हे मला फार आवडलं, दुसऱ्याच्या मुलासाठी इस्त्री करणं.

ओनिगिरीत, भाताच्या त्या गोळ्यात, लसणाची चटणी भरून बघा कुणीतरी. आणि ज्वारीचं पीठ कुठे मिळतं? चिबात आहे.

निळी छत्री

टोक्योत निशिकासाईला ये, स्टेशनजवळच्या भारतीय दुकानांत विचार. आमच्या इथे बिल्डिंगमध्ये निम्मे आपलेच लोक. कोथिंबीर मात्र बाल्कनीत लावली मी, दुकानातली चिमूटभर जुडी परवडत नाही.

भाकरतुकडा

मला कोथिंबीर उन्हाळ्यात फुलोऱ्यावर जाते लगेच. काय करतेस?

निळी छत्री

जुलै-ऑगस्टमध्ये लावूच नको, सप्टेंबरअखेर पेर. धणे चपलेने रगडून.

धाग्याबद्दल लिहायचं होतं खरं तर. शाळेच्या खुर्चीवर मुलांची बसायची उशी असते, तीच उघडली की भूकंपाची टोपी होते, बोसाई-झुकिन. ती शिवताना मला नेहमी ११ मार्च २०११, त्या मोठ्या भूकंपाचा दिवस आठवतो. दुपारी पावणेतीन वाजता मी शिनागावाला ऑफिसात होते, लेक दीड वर्षाचा, होइकुएनमध्ये. गाड्या बंद. फोन लागेना. चार तास चालत आले, पायातले बूट ऑफिसचे. पोचले तेव्हा अंधार होता. दार उघडलं तर सगळी पिल्लं टोप्या घालून एका खोलीत चटईवर, आणि सेन्सेई गाणं म्हणत होत्या. त्यांची स्वतःची मुलं दुसरीकडे होती, हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या 'ओकाएरिनासाइ', घरी आलात, बरं झालं. रोजच्यासारखं.

आता दरवर्षी १ सप्टेंबरच्या सुमाराला मुलं पालकांच्या हाती सोपवायचा सराव असतो. काही जणांना सुट्टी काढायचा कंटाळा येतो. मी एकदाही चुकवला नाही.

सायकलस्वार

वाचून गप्प झालो.

लेकुरवाळी

मी उशिरा लिहितेय, पोरं झोपली आत्ता. आमचं पहिलं वर्ष कठीण गेलं. पाळणाघरात जागा नाही, यादीत नंबर, नोकरी सोडावी लागली. दिवसभर मी आणि ती, दोन खोल्या. ती चालायला लागली आणि धावायलाच लागली. लाकडी मजला. खालच्या आजींच्या डोक्यावर दिवसभर धडधड. मी गालिचे घातले, मग चटया, मग तिला दिवसभर बागेत घेऊन फिरायचे, पावसात सुद्धा. एक दिवस मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला गेले. येणारं सगळं जपानी पाठ करून गेले होते. आजी म्हणाल्या, 'मला तर आवाजावरून कळतं ती मोठी होतेय. आधी ठप ठप यायचा, आता टाचेचा येतो.' नंतर त्यांनीच मला तिला पाठीला बांधायची जुनी पट्टी दिली, त्यांच्या मुलाची. पाठीला बांधून भांडी घासायचे मी.

त्या वर्षी माझ्याशी रोज बोलणारं मोठं माणूस त्या एकच.

मनूची आई

लेकुरवाळी, कुठल्या भागात राहतेस? जवळ असशील तर ये ग कधीही. खरंच.

लेकुरवाळी

नागोया ग. आता बरं आहे, दोघी जातात शाळेत. थोरली तर एकटी, पिवळी टोपी, दप्तराला भोंगा बांधलेला. मी कोपऱ्यापर्यंत लपत मागे गेले होते पहिला आठवडाभर.

उत्तरवारा

सापोरो. इथे हिवाळ्यात मामाचारी विसरा, घसरगाडी. दोरी कमरेला, पोरगं वर बसलेलं, बर्फातून खेचत पाळणाघर. परत येताना बर्फ पडत असेल तर मागे वळून बघत राहायचं, कधी गाडी हलकी लागली की पोरगं मागे कुठेतरी बर्फात उतरून बसलंय. दोनदा झालं.

पिंपळपान

ओफुरोबद्दल, इथल्या अंघोळीच्या टबाबद्दल, कुणीच लिहिलं नाही? मी रोज नऊला घरी पोचतो, म्हणून शनिवार-रविवारची अंघोळ माझी. आधी बाहेर साबण लावून धुवायचं, मग गरम पाण्यात दोघं गळ्यापर्यंत. दहा मोजल्याशिवाय बाहेर यायचं नाही हा इथला बऱ्याच घरांतला नियम. ती जपानीत मोजायची, मी मराठीत. मग दहाचे वीस झाले. मग पाढे. बे एके बे. दुसरीत गेल्यावर शाळेत कुकु, म्हणजे तिथले पाढे, आलं, नि इचि गा नि, अगदी आपल्यासारखं तालावर म्हणायचं. ती म्हणाली बाबा हे मला येतं, फक्त चाल वेगळी आहे.

घरात बाकी सगळीकडे तिचं मराठी संपत चाललंय, बायको जपानी आहे, मी नसतो. त्या पाण्यात टिकलंय. आता ती आठ वर्षांची, आणखी किती दिवस माझ्याबरोबर येईल माहीत नाही. सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत आलोय.

सांगलीची आजी

एकोणतीस झाला की पावकी निमकी घे. फोनवर मी म्हणून घेईन तिच्याकडून, नंबर पाठव.

शेवंती

सगळं वाचतेय. सायकलस्वार, डब्यात कापूर नको, सिलिकाची पुडी टाका, इथल्या पावसाळ्यात कागदाला वास येतो. लेकीला काल रात्री वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. ती म्हणाली ही आजीची ओळ मला आणखी मोठी करून पाठव. मग अर्धा तास काहीच नाही. मग फोन आला.

लाउडस्पीकरवर पाचची धून वाजली इथे. शेजारची दोन पिल्लं आज माझ्याकडे आहेत, बागेतून आणते त्यांना. रात्री लिहिते.

सांगलीची आजी

दोन वेण्या, तुझं राहिलंच. एक वीत आणि चार बोटं रुंद, दीड वीत लांब. चार कडा आणि मधून फुलीची शिवण. दोऱ्याचा रंग काठाचा घे. आणि नाव कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात.