मदत हवी आहे: पुण्यात एफएफआर (हृदयातला ब्लॉक किती अडवतो ते मोजणारी) तपासणी कुठे होते?

नमस्कार मंडळी. बाबा (वय 68, कोथरूड) हल्ली पर्वती चढताना अर्ध्यावर थांबतात, छातीवर दाब येतो, जरा टेकलं की बरं वाटतं. अँजिओग्राफीत एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मुख्य धमनी) साठ ते सत्तर टक्के ब्लॉक निघाला. तिथल्या तिथे 'स्टेंट टाकून घ्या' म्हणाले, विचार करायलाही वेळ देईनात! आम्ही सीडी घेऊन घरी आलो.

मग वाचलं की असा मधला ब्लॉक नुसत्या डोळ्यांनी जोखणं अवघड असतं. नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड डी ब्रुयना यांनी बारीक तारेने ब्लॉकच्या पुढचा आणि मागचा रक्तदाब मोजायची पद्धत, म्हणजेच एफएफआर, रुजवली. 2009 च्या 'फेम' अभ्यासात या दोन दाबांचं गुणोत्तर 0.80 किंवा कमी असेल तिथेच स्टेंट टाकले. स्टेंटही कमी लागले आणि वर्षभरातला त्रासही. स्थिर दुखण्यात आधी औषधं चालतात, असं 2020 च्या 'इस्केमिया' अभ्यासावरून वाटतं. अर्थात डॉक्टर मी नाही.

कुणी पुण्यात एफएफआर करून घेतलंय का? खर्च किती आला, मेडिक्लेमने दिला का? नुसती सीडी पाहून सेकंड ओपिनियन देणारे, घाई न करणारे कार्डिओलॉजिस्ट असतील तर कृपया मेसेज करा. बाबांच्या गोळ्या चालू आहेत, पर्वती तूर्त बंद.