अनुभव धागा: नव्या खाऱ्या टँकमध्ये नायट्रेट चढलं तेव्हा काय केलंत?

कोल्हापुरात गोड्या पाण्याचे टँक गल्लोगल्ली सापडतील. खाऱ्या पाण्याचा आहे म्हटलं की पाहुणे आधी विचारतात, "मीठ कुठलं घालता, खडेमीठ?" त्यामुळे अडचण आली की विचारायचं कुणाला हा प्रश्नच असतो. म्हणून हा धागा. टँक सायकल होताना (म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू टँकमध्ये रुजताना) नायट्रेट वर गेलं असेल तर काय झालं, काय केलं, काय फसलं, सगळं लिहा. फसलेलं आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मंगळवार पेठेत घर, २०० लिटरचा टँक, सिरॅमिकचे दगड आणि कोरडी वाळू. (प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, तेव्हा समुद्रातून प्रवाळ-दगड उचलून आणायच्या गोष्टी इथे नकोत.) अमोनियाचे थेंब घालून तो ४ पीपीएमवर (लिटरमागे ४ मिलिग्रॅम) नेला आणि वाट बघत बसलो. अठराव्या दिवशी थेंबांच्या किटने नायट्रेट तपासलं तर नळी मिसळीच्या कटासारखी लाल. किटच्या रंगतक्त्यातला शेवटचा चौकोन, १६०! घाबरून ८० लिटर पाणी बदललं, जवळजवळ तीन किलो मीठ गेलं. दोन दिवसांनी बघतो तर पुन्हा तोच रंग. आज बाविसावा दिवस. बोला.

राजारामपुरीहून

दादा, त्या दिवशी नायट्राइट किती होतं ते लिहिलंच नाहीत. माझी पैज आहे की तेही गडद आलं असणार.

मीही याच खड्ड्यात पडले होते. हे किट नायट्रेट थेट मोजतच नाही. आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग त्या नायट्राइटला रंग आणतं. त्यातही नायट्रेटचा थोडाच भाग बदलतो आणि तक्ता त्या हिशेबाने बनवलेला असतो. टँकमध्ये आधीपासून नायट्राइट असेल तर ते सगळंच्या सगळं रंगात उतरतं. त्यामुळे १ पीपीएम नायट्राइटसुद्धा नायट्रेटचा आकडा कितीतरी फुगवून दाखवतं.

मला संशय आला तो साध्या हिशेबावरून. १ पीपीएम अमोनियापासून फार तर साडेतीन पीपीएमच्या आसपास नायट्रेट होतं. तुम्ही ४ घातला, म्हणजे सगळा पचला तरी १४-१५. मग १६० आलं कुठून? टँकमध्ये दुसरं काही सडत नसेल तर ते किटमधूनच आलं.

मी त्या काळात वहीत नायट्रेटचा रकाना चक्क कोरा ठेवला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, ही दोन्ही लागोपाठ दिसेपर्यंत नायट्रेटची बाटली उघडायची नाही. माझ्याकडे छत्तीस दिवस लागले. आणि नायट्राइटला फार भिऊ नका, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशांना ते गोड्या पाण्याइतकं बाधत नाही.

फुलेवाडीहून

किटची दुसरी बाटली हलवता का? माझ्या बाटलीत पूड तळाला बसली होती. महिनाभर १० दाखवत होतं, मी खूश. एक दिवस पोराने खुळखुळ्यासारखी हलवली आणि ८० आलं. टँक तोच, पाणी तेच. आता घड्याळ लावून अर्धा मिनिट हलवतो.

शिरोळ तालुक्यातून

आमचं दुखणं वेगळं, आमच्या पाण्यातच होतं. विहीर उसाच्या रानात, चारी बाजूंनी युरिया. सायकल संपली, नायट्राइट शून्य, तरी नायट्रेट ४० च्या खाली येईना. पाणी बदललं की उलट चढायचं! शेवटी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. अहवालात आकडा १२. मी म्हटलं, झकास की, पिण्याची मर्यादा ४५ आहे. मग तिथल्याच एकाने दाखवलं की हा आकडा नायट्रेट-नायट्रोजनचा आहे, त्याला ४.४३ ने गुणायचं. म्हणजे ५३. टँक राहू दे, आम्ही हे पाणी पीत होतो.

टँकला आरओचंच पाणी घालत होतो हो. पण घरच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आमच्या मशीनचं पाणी टीडीएस ९० दाखवत होतं. तो स्क्रू पूर्ण बंद केला, मेम्ब्रेन बदललं, पुढे उरलेसुरले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी जोडली. टीडीएस शून्य आलं. मग आठवड्याला अर्धं असं तीनदा पाणी बदललं, तेव्हा कुठं ५ वर आलं. मिठाचा खर्च विचारू नका.

कसबा बावड्यातून

आम्ही शहाणपणा केला. मीठ महाग म्हणून गगनबावड्यावरून मालवणला गेलो आणि कॅन भरून समुद्राचंच पाणी आणलं. तेही ऐन पावसाळ्यात, खाडीच्या तोंडाशी. घरी खारेपणा (पाण्याची सापेक्ष घनता) मोजला तर १.०२५ ऐवजी १.०१८. कॅन बंद गाडीत दीड दिवस राहिले होते, झाकण उघडल्यावर जो वास आला त्याने घर दणाणलं. पाण्यातले सूक्ष्म जीव मेले आणि कुजले होते. तरी ओतलं! त्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून सायकलसाठी, कुजून अमोनिया सुटावा म्हणून, मूठभर कोळंबी टाकली. एका कोळंबीचं काम, आम्ही जेवणाचा बेत केला. अमोनिया किटच्या बाहेर, पुढे नायट्रेटही. सगळं काढून पहिल्यापासून सुरू केलं.

शाहूपुरीहून

नायट्रेट उतरवायला टँकमध्ये व्होडका-व्हिनेगर घालायचा सल्ला कुणी देईल, सायकल चालू असताना ऐकू नका भावांनो. त्या कार्बनवर जीवाणू भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. माझं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं, स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र) नसता तर मासे गेले असते. नंतर मागच्या टाकीत नायट्रेट शोषणारं केटो शेवाळ लावलं, रात्री त्याच्यावर दिवा. सावकाश उतरलं, पण उतरलं. २०२१ च्या पुरात वीज गेली तेव्हा मात्र सगळंच मुसळ केरात, तो किस्सा पुन्हा कधीतरी.

आणि नायट्रेट शून्य करायच्या मागे लागू नका. मी केलं होतं, वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडेवाला डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा) थर आला. नायट्रेट परवडलं.

मंगळवार पेठ, पुन्हा

ताई, पैज जिंकलात. त्या दिवशीचं नायट्राइट वहीत होतं, ५. मी ते वाचलंच नव्हतं. त्यानंतर टँकला हात लावला नाही. तेहतिसाव्या आणि चौतिसाव्या दिवशी अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य. मग बाटली अर्धा मिनिट हलवून नायट्रेट तपासलं, १० आलं. आरओचा तो स्क्रूही बघितला, आमच्याकडेही उघडाच होता, टीडीएस ४०.

आता अडचण दुसरी आहे. दुपारी टँक ३० अंशांच्या वर जातोय. त्याचा धागा वेगळा काढतो.