मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यन, झायन की सॅन डिएगो?

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे सॅन होजेला येताहेत. त्यांना पश्चिमेकडची अमेरिका मनसोक्त दाखवायची आहे, पण ठिकाणं काही केल्या ठरत नाहीयेत.

योसेमिटी नॅशनल पार्क नक्की. त्या सुमारास बर्फ वितळत असल्याने धबधबे भरात असतात. तिथला टायोगा रोड हा हिवाळ्यात बर्फामुळे बंद असणारा घाटरस्ता तोवर उघडेलच असं नाही, म्हणून तो धरलेला नाही.

खरा प्रश्न ग्रँड कॅन्यनचा. बाबा भूगोलाचे शिक्षक होते. कोलोरॅडो नदीने कापून काढलेले ते थर, अगदी तळाचे सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचे खडक, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत अशी माझी फार इच्छा आहे. पण आईचे गुडघे दुखतात. साउथ रिमला, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, मोफत शटल बस आहे हे माहीत आहे. तिथल्या ७,००० फूट उंचीवर ज्येष्ठांना दम लागतो का? अँटिलोप कॅन्यन या अरुंद खडकाळ घळीच्या लोअर भागात उभ्या शिड्या आहेत, म्हणून अप्परचं बुकिंग करावं म्हणतेय. तिथे चालणं आईला जमेल ना?

शहरांचं म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्को जवळच आहे. लास व्हेगास फक्त मुक्कामापुरतं ठेवून उरलेला वेळ झायन नॅशनल पार्कला द्यावा असं मला वाटतं. नवऱ्याला सॅन डिएगोचा समुद्र दाखवायचाय. तुम्ही काय निवडाल?

आणि हो, साउथ रिमच्या आसपास स्वयंपाकघर असलेली राहायची सोय कुणाला माहीत आहे का? बाबांना रात्री वरणभात लागतोच.