ग्राइंडर: अम्मी, उरल की आट्टुक्कल?

ग्राइंडरला तमिळमध्ये काय म्हणतात, असा प्रश्न आहे. एका शब्दात भागत नाही, कारण काय वाटायचंय त्यावर दगड ठरतो. अम्मी म्हणजे आपला पाटा, चटणी-मसाल्याचा. लग्नात नवरीचा पाय ठेवतात तोही यावरच. उरल म्हणजे उखळ. इडली-डोशाचं पीठ मात्र आट्टुक्कलमध्ये: मधे खळगा असलेला जड दगड, त्यात उभा दगडी गुंडा. एका हाताने गुंडा गरगर फिरवायचा, दुसऱ्याने पीठ आत सारत राहायचं. (दंड भरून येतात!) कोइमतूरचा वेट ग्राइंडर म्हणजे हेच प्रकरण मोटरवर, फक्त तिथे भांडं फिरतं. तमिळ घरात नुसतं 'ग्राइंडर' म्हटलं तर हाच समजायचा. आपला मिक्सर तिकडे 'मिक्सी'.