ऑक्सिजन ९५ तरी आईला धाप लागते, मशीन घ्यावं का?

माणदेशी_पोर:
नमस्कार, आई ६८ वर्षांची आहे, बिडी-सिगारेटचा प्रश्नच नाही पण सगळा जन्म चुलीपुढं गेला. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) निघालाय, इन्हेलर नियमित चालू आहे. तरी अंघोळ करून आली की कॉटवर बसून धापा टाकते, केस विंचरायला हात वर गेला की जास्तच. बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ९५-९६. भाऊ म्हणतो मनाचे खेळ आहेत, मामा म्हणतात ऑक्सिजनचं मशीन आणून टाका. काय करावं?

सुमेधा_फिजिओ:
मनाचे खेळ अजिबात नाहीत, हे आधी भावाला सांगा!! ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतं, श्वास घ्यायला किती कष्ट पडतायत ते नाही दाखवत. सीओपीडीत हवा पूर्ण बाहेर पडत नाही, घाईने श्वास घेतला की आत अजून साठते, मग भरलेल्या छातीत नवा श्वास मावणार कुठे. आणि मानेखांद्याचे स्नायू श्वासाला मदत करत असतात, हात वर गेले की तेच स्नायू तिकडे अडकतात म्हणून विंचरताना त्रास. टेबलावर कोपरं टेकून विंचरू द्या, अंघोळीला स्टूल द्या, आणि ओठ शीळ घातल्यासारखे करून सावकाश श्वास सोडायला शिकवा.

मशीनबद्दल २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चांगला अभ्यास आलाय. धाप लागते पण ऑक्सिजन फारसा कमी नाही अशा २३९ लोकांपैकी काहींना नळीतून ऑक्सिजन दिला, काहींना साधी हवा, आणि दोन्हीकडे आराम सारखाच पडला. त्यामुळे ९५ ला मशीनवर पैसे घालू नका. त्यापेक्षा हातात धरायचा छोटा बॅटरीचा पंखा घ्या, नाक-ओठ-गालावर गार वारा लागला की धाप कमी जाणवते, त्यावरही संशोधन झालंय.

निशिगंध७:
+१. वडिलांचं बघितलंय म्हणून सांगते, आम्ही प्रेमापोटी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यायचो आणि ते अजून थकत गेले. केंब्रिजच्या टीमने हे चक्र छान मांडलंय, धाप लागते म्हणून भीती, भीतीने श्वास उथळ, मग चालणं बंद, पायातली ताकद जाते आणि तेवढ्याच कामाला आणखी धाप. पल्मनरी रिहॅब (फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाचं शिक्षण) कुठे होतं ते डॉक्टरांना विचाराच. गोळीने भागेल असं फार जणांना वाटतं पण मिर्टाझापिन हे नैराश्यावरचं औषध देऊन बघितलं त्या मोठ्या ट्रायलमध्ये (२०२४) धाप कमी झाली नाही, उलट साइड इफेक्ट वाढले.

माणदेशी_पोर:
खूप आभार दोघींचे, भावाला हा धागाच पाठवला. पण चालायला लावलं आणि धाप लागली तर नुकसान नाही ना होणार?

सुमेधा_फिजिओ:
डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की चालताना थोडी धाप चालते, एक वाक्य बोलता आलं पाहिजे इतपत. थांबून, कठड्याला वगैरे रेलून, पुन्हा चालायचं. छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा धाप एकदम वाढली तर मात्र लगेच दवाखाना. आणि हिमोग्लोबिन आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालंय का? नसेल तर याच व्हिजिटला विचारून घ्या, सगळी धाप फुफ्फुसाचीच असते असं नाही.