डीसीटी गाडीची वॉरंटी चवथीच्या सुमारास संपते, २४,७८० रुपये भरून दोन वर्षं वाढवावी का?

मांद्रेचो_रस्तो
गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, एक लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरची डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ड्राय क्लचवाली. २०२३ च्या चवथीला (गणेश चतुर्थीला) घेतलेली, रनिंग ४१,००० किमी. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी सप्टेंबरात संपते. शोरूमने चौथ्या-पाचव्या वर्षासाठी २१,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४,७८० रुपये सांगितलेत. ऑनलाइन एक कंपनी तेवढीच दोन वर्षं १४,५०० ला देते. तिच्या कागदावर एका क्लेमला कमाल ४०,००० आणि एकूण ७५,००० अशी मर्यादा आहे.

वापर मांद्रे ते पणजी आठवड्यातून तीन-चारदा, महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगाव. गाडी पोर्चमध्ये असते, वर छप्पर पण बाजू उघड्या, समुद्र जेमतेम किलोमीटरवर. सर्व्हिस सगळ्या अधिकृत ठिकाणी, फक्त २०,००० किमीची २१,४०० किमीला झाली. ए.सी.चा गॅस गेले दोन उन्हाळे भरून घ्यावा लागला. घ्यावी की पैसे बाजूला ठेवावेत?

गिअरपेटी_फोंडा
या गाडीत पैसे कुठे अडकू शकतात ते आधी पाहू, म्हणजे निर्णय सोपा होईल.

डीसीटीत दोन क्लच, ते दाबणारे अ‍ॅक्च्युएटर, गिअर टाकणारे अ‍ॅक्च्युएटर आणि या सगळ्यांना हुकूम देणारा टीसीयू, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. ड्राय क्लचला तेलाचा गारवा नसतो, जी काय थंडाई ती हवेची. पर्वरीसारख्या ट्रॅफिकमध्ये गाडी पायरी-पायरीने सरकते तेव्हा क्लच अर्धवट धरलेला राहतो, घासतो आणि तापतो. काही काळाने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते. ही थरथर म्हणजे क्लचची झीज, आणि झीज बहुतेक एक्स्टेंडेड वॉरंटीत धरत नाहीत. अ‍ॅक्च्युएटर मेला किंवा टीसीयू बिघडला तर मात्र धरतात. अडचण अशी की वर्कशॉप अनेकदा क्लच सेट आणि अ‍ॅक्च्युएटर एकत्रच बदलायला सांगतं. मग अर्धं बिल कंपनीचं, अर्धं तुमचं यावर घोळ होतो. म्हणून पैसे भरण्याआधी ई-मेलवर पाच नावं लिहून पाठवा: क्लच सेट, क्लच अ‍ॅक्च्युएटर, गिअर अ‍ॅक्च्युएटर, टीसीयू, इनपुट शाफ्टचं बेअरिंग. प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ मागा. तोंडी ‘सगळं येतं सर’ याला काडीची किंमत नाही.

घाटात एक गोष्ट पाळा. पुढे ट्रक अडकला की चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवू नका. ब्रेक किंवा ऑटो होल्ड लावा, पुढे दहा-पंधरा फूट मोकळे झाले की एकदम निघा. क्लच तापल्याचा इशारा आला तर त्याची नोंद टीसीयूत राहू शकते. क्लेमच्या वेळी स्कॅनर लावल्यावर ती दिसली की ‘चुकीचा वापर’ हे कारण पुढे करायला त्यांना सोपं जातं.

टर्बोचं गणित ऑइलवर. टर्बोच्या शाफ्टला तेलाचाच आधार, ते जुनं झालं की गाळ धरतो, बारीक नळी तुंबते आणि शाफ्ट कोरडा पडतो. निळसर धूर, शिट्टीसारखा आवाज, ऑइल कमी होणं ही लक्षणं. टर्बो वॉरंटीत येतो, पण ऑइल वेळेवर बदलल्याचा कागद मागतातच. इंटरकूलरचे रबरी पाइप मात्र सहसा बाहेर.

ए.सी.बद्दल वेगळं लिहितो, कारण तुमची खरी कटकट तीच दिसतेय. सीलबंद सिस्टिममधला गॅस दरवर्षी संपत नाही. दोन उन्हाळे भरावा लागला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळतीच्या नेहमीच्या जागा तीन: पुढचा कंडेन्सर, डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर आणि जोडांचे ओ-रिंग. कंडेन्सरला खडा लागला तर ते बाहेरचं नुकसान, वॉरंटीत नाही. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पत्र्याला पांढरी भुकटी धरून छिद्र पडलं तर ‘गंज’ म्हणून वाद घालतात. इव्हॅपोरेटर गळला तर दोष बहुधा पार्टचा धरतात, आणि तिथे बिल मोठं येतं, कारण पार्टपेक्षा डॅशबोर्ड उतरवून परत बसवायची मजुरी जड.

हे काम आजच्या वॉरंटीत बसवा, पुढच्यासाठी ठेवू नका. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला ‘गॅस भरा’ म्हणू नका. जॉबकार्डवर ग्राहकाची तक्रार म्हणून लिहून घ्या: ‘कूलिंग कमी, गॅस वारंवार कमी होतो, गळती शोधणे’. मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायला सांगा, नाहीतर यूव्ही डाय घालून आठ-दहा दिवसांनी दिव्याखाली तपासणी. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. काढताना किती निघाला तो आकडा जॉबकार्डवर आला तर गळती किती ते कागदावरच सिद्ध होतं.

कलम_वाचणारा
फोंडेकारबाबांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

पहिली नजर शेवटच्या पानावर टाका: जबाबदारी कोणाची? गाडी बनवणाऱ्या कंपनीची, विमा कंपनीची की डीलरची स्वतःची? डीलरने आपल्या नावावर काढलेला प्लॅन आणि कंपनीचा प्लॅन एकाच टेबलावर, एकाच रंगाच्या फोल्डरमधून विकला जातो. कंपनीचा असेल तर साधारणपणे देशभरातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालतो. तुमच्यासाठी हे महत्त्वाचं, कारण बिघाड बेळगावातही होऊ शकतो. डीलरचा असेल तर गाडी उचलून पुन्हा गोव्यात आणा.

मग बघा, यादी कसली आहे. ‘खालील पार्ट येतात’ अशी यादी असेल तर त्यात नाव नसलेला प्रत्येक पार्ट तुमच्या खिशातून. ‘खालील सोडून सगळे येतात’ अशी असेल तर तो प्लॅन खूपच बरा. १४,५०० वाला प्लॅन जवळजवळ नक्की पहिल्या जातीचा असेल. तसा नसला तरी ४०,००० च्या मर्यादेने तुमच्या गाडीत त्याचा अर्थच जातो. टीसीयू किंवा पूर्ण मेकॅट्रॉनिक युनिटचं (अ‍ॅक्च्युएटर आणि टीसीयूचा एकत्र संच) बिल त्या मर्यादेच्या पलीकडे सहज जाऊ शकतं, आणि डीसीटीवाला माणूस वॉरंटी घेतो तो नेमका त्याच बिलासाठी. ए.सी. कॉम्प्रेसर, अल्टरनेटर इतकंच झाकायचं असतं तर गोष्ट वेगळी होती.

२१,४०० ची सर्व्हिस: यावरून घाबरू नका, पण गप्पही बसू नका. उशिराची सूट किती किलोमीटर किंवा किती दिवस ते वॉरंटी पुस्तिकेत असतं. शोरूमला चॅसी नंबर सिस्टिममध्ये टाकून गाडी पात्र आहे का ते बघायला सांगा आणि उत्तर लेखी घ्या. उद्या क्लेमच्या वेळी हाच उशीर काढून नाकारला तर तो ई-मेल कामाला येईल.

आणखी दोन-तीन बारीक कलमं. बिघाड शोधण्यासाठी गिअरबॉक्स खोलायचा खर्च क्लेम नाकारला तर ग्राहकाने द्यायचा, असं लिहून सही घेतात. रक्कम आधी विचारा. गिअर ऑइल, कूलंट, गॅस यांचे पैसे काही प्लॅनमध्ये वेगळे लावतात. टचस्क्रीनची मुदत अनेकदा बाकीपेक्षा कमी असते. बाहेरून वायर कापून लावलेले लाइट, कॅमेरा, अ‍ॅम्प्लिफायर असतील तर इलेक्ट्रिकलच्या क्लेमला तेच निमित्त होतं.

क्लेम नाकारलाच तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याने झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. तिथे मुदत साधारण दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगवेगळे आयोग आहेत, तुमचा उत्तरेचा.

साधी_पेट्रोल
थोडं उलट बाजूने. २४,७८० म्हणजे महिन्याला हजारावर. तुमच्या रनिंगने दोन वर्षांत २९,००० किमी होतील, म्हणजे किलोमीटरला ८५ पैसे. समजा मोठ्यात मोठं बिल एक लाखाचं धरलं, तर ते येण्याची शक्यता चारात एक असेल तेव्हा कुठे हिशेब बरोबरीत येतो. पाच वर्षांच्या आतल्या चार गाड्यांपैकी एकीचा गिअरबॉक्स जात नाही. सरासरीने विकणाराच कमावतो, नाहीतर शोरूमवाले तीन-तीनदा फोन कशाला करतील?

ज्यांच्याकडे नॉन-टर्बो पेट्रोल आणि मॅन्युअल गिअर आहे, वर्षाला आठ-दहा हजार किमी, त्यांनी सरळ नको म्हणावं. त्या गाडीत चौथ्या-पाचव्या वर्षी जे जातं ते बॅटरी, टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, क्लच प्लेट. यातलं काहीच वॉरंटीत नसतं. १२ व्होल्ट बॅटरीची वॉरंटी बॅटरी कंपनीची वेगळी, टायरची टायर कंपनीची.

आणि आपल्याकडे गाडीचं खरं नुकसान ज्याने होतं ते तर वॉरंटीत कुठेच नाही. पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात घालून इंजिनात पाणी गेलं, तर ते इन्शुरन्सच्या इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑनमध्ये. आणि त्यातही गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला तर क्लेम अडतो. उंदीर-घुशींनी वायरिंग कुरतडलं तर तेही वॉरंटीबाहेर. दाराखालच्या पत्र्याचा गंज, कनेक्टरच्या पिनांवर धरणारी हिरवी बुरशी, सगळं ‘वातावरणाचा परिणाम’. पैसे मोजके असतील तर आधी इन्शुरन्सचं अ‍ॅड-ऑन बघा.

गिअरपेटी_फोंडा
साधी पेट्रोलबाबांचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो सरासरी गाडीचा आहे. ड्राय डीसीटी, टर्बो आणि घाट एकत्र आले की शक्यता थोडी वर जाते. तरीही चारात एक इतकी जाते असं मी म्हणणार नाही. लाखाचं बिल अचानक आलं तर घर हलणार असेल तर घ्या, नाहीतर तीच रक्कम बँकेत ठेवा. मी या गाडीला कंपनीचा प्लॅन घेईन, पण अ‍ॅक्च्युएटर आणि टीसीयू दोन्हीपुढे लेखी ‘हो’ आलं तरच.

खाऱ्या हवेसाठी फुकटचा उपाय: आठवड्यातून एकदा कंडेन्सर आणि गाडीचा तळ साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर कंडेन्सरची पाती वाकतात आणि कूलिंग आणखी कमी होतं.

मांद्रेचो_रस्तो
देव बरें करूं. म्हणजे १४,५०० वाला बाद. ई-मेल आज पाठवतो. आत्ताच भरावे की सप्टेंबरपर्यंत थांबलं तर चालेल? आणि दोन वर्षांनी गाडी विकली तर हे पैसे वाया का?

कलम_वाचणारा
मुदत संपायच्या आत भरायचं, हे पक्कं. संपल्यावर काही कंपन्या देतात, पण गाडी तपासून आणि महाग. तेवढा वेळ आहे तर आधी ए.सी.चं काम आणि गाडीची पूर्ण तपासणी चालू वॉरंटीत करून घ्या: स्कॅनर लावून कोड, स्टिअरिंगचा आवाज, इंजिनखाली तेलाचा ओलावा. सगळं जॉबकार्डवर लिहून घ्या. चवथीच्या आधी वर्कशॉप तुडुंब असतात, त्यामुळे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याची अपॉइंटमेंट घ्या; पार्ट बाहेरून मागवायचा झाला तरी मुदतीत बसेल. तक्रार मुदतीत नोंदलेली असेल तर पार्ट नंतर आला तरी जुन्याच वॉरंटीत बदलून मिळायला हवा, पण त्यासाठी तारखेचं जॉबकार्ड हातात पाहिजे.

बिल घेताना नाव कोणाचं, चॅसी नंबर बरोबर का, सुरुवातीची आणि शेवटची तारीख काय आणि किलोमीटरची मर्यादा किती, एवढं तिथेच वाचा. दोन्हीपैकी जे आधी येईल तेव्हा वॉरंटी संपते. लोन किंवा इन्शुरन्सच्या रकमेत मिसळू देऊ नका, वेगळी पावती मागा.

विकताना कंपनीचा प्लॅन बहुधा नव्या मालकाच्या नावावर होतो. काही ठिकाणी ठरावीक दिवसांत कळवावं लागतं आणि थोडी फी असते. गाडी सीमेपलीकडे सावंतवाडी-कुडाळला गेली तरी चालते का हे त्याच ई-मेलमध्ये विचारून टाका.

रेंटवाला_कळंगुट
माझी डिझेल आहे, खासगी नंबरवर, सीझनला ओळखीच्या पर्यटकांना देतो. मला मिळेल का?

कलम_वाचणारा
मिळेल, आणि क्लेमच्या दिवशी नाकारलीही जाईल. खासगी प्लॅनमध्ये भाड्याने दिलेली गाडी बाद, हे कलम बहुतेक सगळ्यांत असतं. शिवाय खासगी नंबरप्लेटवर गाडी भाड्याने देणं मुळात बेकायदा आहे, अपघात झाला तर इन्शुरन्सही हात वर करेल. रेंट-अ-कॅबचं परमिट काढून काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागली की मगच व्यावसायिक वापराचा प्लॅन मागा. तो महाग असतो आणि त्याची किलोमीटरची मर्यादा वेगळी असते.

गिअरपेटी_फोंडा
डिझेल आहे म्हणून डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं लिहितो. कळंगुट-बागा असं चार-पाच किलोमीटर चालवून बंद केली की एक्झॉस्ट पुरता तापत नाही, काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. दिवा पेटल्यावर हायवेला वीस-पंचवीस मिनिटं सलग, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून चालवा. तरी दिवा गेला नाही तर वर्कशॉपमध्ये स्कॅनरने फोर्स्ड रीजनरेशन करतात, म्हणजे साचलेली काजळी मुद्दाम जाळतात. तुंबलेला डीपीएफ देखभालीचा भाग म्हणून वॉरंटीत सहसा धरत नाहीत. इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप धरतात, पण डिझेलमध्ये पाणी निघालं तर तेही नाही. फ्युएल फिल्टरमधलं पाणी काढायची तारीख चुकवू नका.