ई-टंग: आपल्या डेटावर झकास, नवीन बाटली आली की गडबड. काय करू?

द्राक्षपंढरीकर:
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला व्होल्टॅमेट्रिक ई-टंग घेतलंय, म्हणजे इलेक्ट्रोडना बदलतं व्होल्टेज देऊन येणाऱ्या करंटवरून द्रव ओळखणारी 'इलेक्ट्रॉनिक जीभ'. ग्लासी कार्बन, सोनं, प्लॅटिनम आणि थॅलोसायनिन (एक रंगद्रव्य) मिसळलेले दोन कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड असा सेट आहे आणि नाशिक भागातल्या शिराझ, कॅबर्ने, झिन्फंडेल या द्राक्षजातींच्या रेड वाइन ओळखायच्या आहेत. पीसीएत (सगळ्या रीडिंगचा सारांश दाखवणारा आलेख) तिन्ही गट एकदम सुटे दिसतात, क्रॉस व्हॅलिडेशनला (काही रीडिंग बाजूला ठेवून त्यांवर मॉडेल तपासतात ते) जवळपास सगळं बरोबर येतं, गाईड पण खूश आहेत. पण दुकानातून नवीन बाटली आणली की शिराझ बिनदिक्कत कॅबर्नेत जाऊन बसते. इलेक्ट्रोड वाढवू का सरळ न्यूरल नेटवर्क लावू? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, सबमिशन जवळ आलंय.

सेन्सरताई:
न्यूरल नेटवर्क नको, त्याने हा प्रॉब्लेम नुसता झाकला जाईल. एक सांगा, एकेका बाटलीतून चार-पाच रीडिंग घेतलीयत ना? आणि व्हॅलिडेशनला त्यातलं एकच बाहेर काढता? मग बाकीची भावंडं मॉडेलमध्येच बसलेली असतात, ते शिराझ कशाला शिकेल, बाटलीच ओळखायला लागतं. बाहेर काढायची तर अख्खी बाटली काढा, तिच्या सगळ्या रीडिंगसकट. आकडा खाली येईल पण तो खरा असेल, आणि थिसिसमध्ये तोच लिहा, व्हायवाला कोणी हलवू शकणार नाही.
दुसरं, सगळ्या शिराझ एकाच दिवशी मोजल्या होत्या का? आणि एकाच वायनरीच्या आहेत का?

द्राक्षपंढरीकर:
ताई, शिराझ सगळ्या सोमवारी, कॅबर्ने मंगळवारी, आणि झिन्फंडेल तर एकाच वायनरीची मिळाली 😟

जुना_केमिस्ट:
मग तुमचा पीसीए बहुतेक वार ओळखतोय. रेड वाइनमध्ये ग्लासी कार्बनवर एकामागून एक स्कॅन घेऊन बघा, पॉलिश न करता. ०.४-०.५ व्होल्टच्या आसपास कॅटेचिनसारख्या पॉलिफेनॉलचा (द्राक्षातून येणारी तुरट द्रव्यं) जो पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, येतो तो दर स्कॅनला खाली बसत जातो, कारण ऑक्सिडाइझ झालेला माल पृष्ठभागावर चिकटून थर धरतो. म्हणून प्रत्येक सॅम्पलनंतर ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाची पेस्ट ओल्या कापडावर घेऊन पॉलिश करायचं, नीट धुवायचं, आणि अधूनमधून कॅटेचिनचं एकच ठरलेलं द्रावण मोजायचं. त्याचा पीक हलला की इलेक्ट्रोड हलला, वाइन नाही. (पेस्टवाले मात्र पॉलिश होत नाहीत, वरचा थर काढून नवीन भरा, ते काम किचकट आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात.)
रेड वाइन तशीच मोजू नका, डायल्यूट करा, पण पाण्यात नाही, मॉडेल वाइनमध्ये, म्हणजे वाइनसारख्या बनवलेल्या साध्या द्रावणात. ऑकलंडला किलमार्टिन यांनी सायक्लिक व्होल्टॅमेट्रीवर बरंच काम केलंय, त्यांचं मॉडेल वाइन म्हणजे १२ टक्के इथेनॉल, ०.०३३ मोलर टार्टरिक अ‍ॅसिड, पीएच ३.६. सल्फाइटचं (वाइन टिकावी म्हणून घालतात ते) पण लक्षात ठेवा, ते तयार झालेल्या क्विनोनला (ऑक्सिडाइझ झालेल्या फेनॉलला) परत फेनॉल करतं, त्यामुळे व्होल्टेज वर जाताना करंट वाढतो आणि परत खाली येतानाचा पीक बारीक होतो. दोन वायनरींनी सल्फाइट वेगवेगळं टाकलं असेल तर एकच द्राक्ष दोन जातींचं वाटेल. त्यावर उपाय म्हणून किलमार्टिन यांच्याकडे अ‍ॅसिटाल्डिहाइड घालून सल्फाइट बांधून टाकतात.

कावाप्रेमी:
विषयच थोडा बदलता आला तर बघा. स्पेनमध्ये व्हायादोलिदला रॉड्रिगेझ-मेंडेझ यांच्या ग्रुपने थॅलोसायनिनवाल्या इलेक्ट्रोडनी ओकच्या पिंपात रेड वाइन कशी मुरत जाते ते मोजलं, बार्सेलोनाला देल व्हाये यांच्याकडे कावा (स्पेनची फेसाळती वाइन) किती मुरलीय त्यावरून वर्गवारी केली. इलेक्ट्रोडला दिसतात ते फेनॉल, अ‍ॅसिड, सल्फाइट, आणि मुरताना नेमके तेच बदलतात म्हणून तिथे हे तंत्र शोभून दिसतं. द्राक्षाची जात त्यामानाने अवघड, वर्ष आणि वायनरी मध्ये येतात.

द्राक्षपंढरीकर:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. विषय आता बदलता येणार नाही, पण चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवून परत मोजतो, दोन वायनरींची झिन्फंडेल शोधतो. कालच्या उघडलेल्या बाटल्या वापरल्या तर चालतील का?

जुना_केमिस्ट:
नाही. हवा लागली की मोकळं सल्फाइट उतरायला लागतं. नवीन उघडा, लगेच छोट्या कुप्यांत काठोकाठ भरून झाकण लावा आणि त्याच दिवशी मोजा.